तीन नंबर

मालीमच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यामागच्या खोलीत,
टेबलाखाली एक मशीन आहे.
पत्र्यावर मीठ, खाली मुंग्या, मागून पंख्याची कुरकुर.
त्याच्या पोटात तीन कंटेनर:
दर, वही, निरोप.
नावं ग्लेननं ठेवलेली. माझ्या आधी इथं तोच होता.

दर लिलावाचे भाव टिपतो.
वही ते मांडून ठेवते.
निरोप तिच्याकडून घेऊन फोनाफोनांवर टाकतो:
बांगडे इतके, इसवण तितकी.

संध्याकाळी साडेसातला वीज गेली.
आली तेव्हा तिघंही जागे झाले
आणि निरोप मुका.

रात्रीचा दीड. राखणदार रुझार काळा चहा ठेवतो.
एकाच पेटीत बसून, विचारतो,
एकमेकांना सापडत नाहीत कशी ही पोरं?

मी सांगते, जमेल तसं.
प्रत्येकाला आपली खोली, आपलं एकच दार.
दारातून एक न दिसणारी वायर निघते,
तिचं दुसरं टोक पुलात खोचलेलं.
पूल? तो खिडकीतून मांडवीवरचे दिवे बघतो.
तसला नाही.
तो पडला होता, रुझार म्हणतो, शहाऐंशीत.
मी कामाला फेरीनं जायचो.
हा पडायचा नाही, मी म्हणते,
हा मशीनच्या डोक्यातच आहे.
मग कसला पूल! म्हणतो, आणि स्टूल ओढून बसतो.

निरोपचं पाकीट बाहेरच्या जगात निघालं
की उंबऱ्यावर मशीन त्याचा पत्ता पुसतं,
आपला लिहितं.
उत्तर आलं की आठवून ज्याचं त्याला आत देतं.
हे मात्र रुझारला लगेच कळतं:
ट्रॉलरवर बावीस खलाशी, झारखंडचे, ओडिशाचे,
धक्क्यावर नाव एकाचंच, मालकाचं.

मग ती ओळ सापडते.
वहीचा पत्ता ग्लेननं आकड्यांत लिहिलाय:
एकशे बाहत्तर, सतरा, शून्य, तीन.
पुढे शेरा: सध्यापुरतं. नंतर बदलणे.
साडेतीन वर्षं झाली.

नंबर मिळतात उठेल त्या क्रमानं.
रोज दर आधी उठायचा, त्याला दोन,
वहीला तीन, निरोपला चार.
आज अंधारातून वही पहिली उठली
आणि तिच्या मागोमाग निरोप.
म्हणजे तीन नंबर आता त्याचाच.
सहा तास तो स्वतःचं दार ठोठावतोय
आणि आतून स्वतःच सांगतोय,
इथं वही राहत नाही.
दरसुद्धा त्याच दाराशी, भाव हातात धरून.

ग्लेनला फोन लावते. स्विंडनमध्ये जेवणवेळ असेल.
हा क्रमांक अस्तित्वात नाही.
नंबर कसला शोधतेस, रुझार म्हणतो,
शिरसईला जा, मार्सेलीनचा ग्लेन म्हण,
कुत्रंसुद्धा घर दाखवील.

जुन्या पुलाला नावं कळत नाहीत.
नवा बांधते. चार शब्दांची आज्ञा,
चौथा शब्द मालीम.
तिघांना त्यावर आणून बसवते,
आकडा खोडते, लिहिते: वही.
ती आज कितव्या नंबरात उठली
ते आता पूल बघून घेईल.
शेरा तेवढा राहू देते.

दोन वाजून दहा. रुझारच्या खिशात फोन थरथरतो.
परत. परत.
तुंबलेले सगळे भाव एकदम सुटलेत,
विकून, तळून, खाऊन झालेल्या मासळीचे.
चष्मा कपाळावर चढवून
तो एकेक वाचत बसतो.

लेपे इतके स्वस्त होते? म्हणतो.
मला कुणी सांगितलंच नाही.